वजन कोणत्या शब्दावर

गळा गेला म्हणून क्लास बंद केला, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. ते खोटं नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "मॅडम, उरलाय तेवढा आवाज आता पुरवून पुरवून वापरा." पण खरं कारण कंटाळा. तीसेक वर्षं एकच गोष्ट सांगून मी थकले होते. ती गोष्ट अशी, की इंग्रजी बोलताना सगळ्या शब्दांवर सारखं वजन टाकू नका. ऐकणारे मान डोलवायचे, वहीत लिहून घ्यायचे, आणि उठताना पुन्हा सगळ्या शब्दांवर सारखं वजन टाकून "थँक यू मॅडम" म्हणायचे. मी बरं म्हणायची आणि पुढच्या बॅचला आत घ्यायची.

औरंगपुऱ्यात पहिल्या मजल्यावर आमचं घर. पुढची मोठी खोली क्लासची, मागच्या दोन आमच्या. मधे दार होतं, त्याला पडदा. खाली जिन्याच्या तोंडाशी ‘स्पोकन इंग्लिश’ अशी पाटी, आणि त्याखाली शहराचं तेव्हाचं नाव, औरंगाबाद. सकाळी नोकरी शोधणारी मुलं, दुपारी बायका, संध्याकाळी कारखान्यातले आणि कचेरीतले बापे. सगळ्यांना इंग्रजी ‘फाडफाड’ बोलायचं असायचं. भाषा फाडायची कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो शब्द इतका कानी पडला की पुढं पुढं मीच जाहिरातीत तो छापायला लागले.

बाहेरच्या माणसाला माझा धंदा म्हणजे व्याकरण आणि शब्दार्थ वाटतो. तेवढं तर पुस्तकातून येतं. माझं काम निराळं होतं, आणि ते समजून घ्यायचं तर आधी मराठीकडं बघावं लागेल. आपल्याला वजन द्यायचं असलं की आपण शब्दाला एक ‘च’ चिकटवतो. ‘मीच सांगितलं’, ‘तुलाच सांगितलं’, ‘सांगितलंच होतं’. च नसेल तर ‘तर’ आहे, ‘ही’ आहे, ‘सुद्धा’ आहे. तेवढ्यानंही भागलं नाही तर शब्द उचलून वाक्यात पुढं-मागं करायची मुभा आहे. बिचाऱ्या इंग्रजीला च नाही. शब्दांच्या जागाही ठरलेल्या. मग ते सगळं काम गळ्याला करावं लागतं. ज्या शब्दासाठी वाक्य बोलायचं तो जरा उंच, जरा लांब, जरा ठासून, आणि बाकीचे शब्द घरच्या माणसांसारखे मागं उभे.

मी फळ्यावर एक वाक्य लिहायची: ‘आय आस्क्ड यू टु ब्रिंग फोर चेअर्स.’ मी तुला चार खुर्च्या आणायला सांगितलं होतं. वजन ‘आय’वर दिलं तर सांगणारी मी होते, दुसरं कुणी नाही. ‘यू’वर दिलं तर तुला सांगितलं होतं, तुझ्या भावाला नाही. ‘ब्रिंग’वर दिलं तर आणायला सांगितल्या होत्या, विकायला नाही. ‘फोर’वर दिलं तर दोनच का आणल्यास. ‘चेअर्स’वर दिलं तर ही स्टुलं कशाला उचलून आणलीस. वाक्य तेच, भांडणं पाच. एकेका शब्दाच्या पोटातही तसंच असतं. ‘प्रेझेंट’चा पुढचा भाग जड केला तर ती आहेराची वस्तू, मागचा जड केला तर ती देण्याची क्रिया.

आमची मंडळी यातून पळवाट काढायची. त्यांनी च ला ‘ओन्ली’ करून टाकलं होतं. ‘आय ओन्ली टोल्ड.’ ‘टुडे ओन्ली आय केम.’ हे ऐकलं की मी टेबलावर उलटी वाटी ठेवायची आणि हातात पेन्सिल द्यायची. वाक्य बोला, आणि ज्या शब्दासाठी बोलताय तिथं एकदाच वाटी वाजवा. पहिल्या दिवशी खोलीत कासाराचं दुकान उघडल्यासारखा आवाज यायचा. शिवाय मी पडद्यामागं जाऊन वाक्यं बोलायची आणि त्यांनी नुसतं ऐकून वजन कुठं होतं ते ओळखायचं. कान तयार झाल्याशिवाय जीभ तयार होत नाही, हे मला माझ्या वडिलांवरून कळलं होतं.

वडील निजामाच्या महसूल कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. उर्दूत अर्ज असा लिहीत की वाचणाऱ्यानं मंजूर करण्याआधी दाद द्यावी. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, आणि ऐन तिशीत त्यांना बोलण्यापुरतं इंग्रजी नव्यानं शिकावं लागलं. शब्द त्यांनी पाठ केले, पण चाल उर्दूचीच राहिली. वाक्याच्या शेवटाला ते असं सुंदर वळण देत की नवे साहेब तोंडावर रुमाल धरत. निवृत्त होईपर्यंत हे चाललं. ते घरी काही बोलत नसत, पण अशा दिवशी एक भाकरी कमी खात. त्यांना कुणी शिकवायला हवं होतं, असं मला फार वाटायचं. त्या वाटण्यातून हा धंदा निघाला, आणि मग धंदा म्हटल्यावर वाटणं मागं पडलं.

माणसं नाना तऱ्हेची आली. खंडपीठात वकिली करणारे एक जाडजूड गृहस्थ होते. ते प्रत्येक शब्दावर मूठ आपटत. मी म्हटलं, "साहेब, पंगतीत सगळ्यांनाच चौरंग दिला तर नवरदेव कोणता ते कळायचं कसं?" ते म्हणाले, "मॅडम, पक्षकार आवाजाचे पैसे देतो." पुढच्या आठवड्यापासून ते आले नाहीत. त्यांची वकिली मात्र उत्तम चालली, हेही सांगितलं पाहिजे.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले ते रडकुंडीला येऊन. परदेशी गिऱ्हाइकाचा फोन घेणं त्यांच्याकडं होतं, आणि ते गिऱ्हाईक मालकाकडं तक्रार करत होतं की तुमचा माणूस फोनवर अंगावर येतो. सुपरवायझर स्वभावानं गाय. मी त्यांना म्हटलं, माझ्याशी फोनवर बोलल्यासारखं बोला. त्यांनी अदबीनं उभं राहून विचारलं, "व्हॉट डू यू वॉन्ट?" आणि सगळं वजन ‘यू’वर. मराठीत पाहुण्याला ‘तुम्हाला काय पाहिजे’ विचारताना ‘तुम्हाला’ मोठं केलं की मान दिल्यासारखं होतं. इंग्रजीत त्याच जागी वजन गेलं की ‘तुझं काय रे मधेच?’ असा सूर लागतो. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हंजे मी जितकी अदब वाढवली तितका त्यो चिडला." ‘वॉन्ट’च्या जागी मी त्यांना मऊ ‘लाइक’ दिला, वजन त्याच्यावर ठेवलं, आणि महिन्याभरात गिऱ्हाईक त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायला लागलं. पुढं त्यांना त्याच गिऱ्हाइकाच्या देशात पाठवलं. तिकडून ते काही परत आले नाहीत.

तसे बहुतेक गेले. चांगलं बोलायला लागलेला माणूस या शहरात राहत नसे. पुणं, बंगळूर, त्याच्याही पलीकडं. लोक पेढे घेऊन यायचे, पाया पडायचे, आणि मला दिसायचं की आणखी एक घर म्हाताऱ्यांवर सोडून कुणी तरी निघालं आहे. अभिमान वाटायचा, नाही कशाला म्हणू. पण जिना उतरणाऱ्या पाठी बघून बघून मी बेजार झाले होते. त्यांतल्या एका पाठीची हकिकत सांगते, कारण ती अजून मनातून जात नाही.

दुपारच्या बॅचची वेळ. गंगापूरहून दोघी जणी आल्या, सासू आणि सून. सासू गयाबाई, पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, हातात कापडी पिशवी. सून अनिता, चोवीस-पंचविशीची, माहेर पाचोडचं. गयाबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, हिला विंग्रजी शिकवा. मुंबैला नापास झाली."

नापास म्हणजे व्हिसा नाकारला होता. गयाबाईंचा एकुलता मुलगा संतोष इंजिनिअर होऊन परदेशी नोकरीला लागलेला. कोणता देश ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांची काही चूक नव्हती. सुट्टी काढून आला, लग्न केलं, महिनाभर राहिला आणि परत गेला. त्याला दोन वर्षं झाली होती. अनिताला तिकडं न्यायचं म्हणून कागद केले, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली आणि तिथं माशी शिंकली. ओळखीच्या एजंटनं सांगितलं, हे लग्न कागदावरचं आहे असा त्यांना संशय आहे. दुसऱ्यांदा अर्ज केला होता. याही वेळेला नाकारलं तर पुढं फार अवघड, असं सगळे सांगत होते. संतोषला लवकर येता येण्यासारखं नव्हतं. आणि इकडं भावकीत कुजबुज सुरू झाली होती, की पोरानं तिकडं दुसरी केली असंल, ही बसली हितं कापूस येचत. गयाबाईंनी हे सुनेसमोर सांगितलं. अनिता फरशीकडं बघत राहिली.

मी अनिताला इंग्रजीत चार प्रश्न विचारले. चांगलं बोलत होती. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं. काळ, क्रियापदं, सगळं जागेवर. मला कळेना ही नापास झाली कशात. मग मी म्हटलं, समज मी तिथला अधिकारी आहे. "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

"माय हजबंड्स नेम इज," अनिता खणखणीत म्हणाली. पुढं हनुवटी गळ्याला लागली, आणि नाव पदरात गेलं.

"तिथंही असंच सांगितलंस?"

"त्यांनी दोनदा विचारलं मॅडम. दुसऱ्यांदा जास्तच बारीक झाला आवाज."

माझ्या ध्यानात आलं. प्रश्न एका शब्दासाठी होता, आणि हिनं वाक्यातल्या यच्चयावत शब्दांना वजन दिलं होतं, तो एक सोडून. आपल्याकडं बाईचा आवाज नवऱ्याच्या नावाशी खाली जातो तो मानानं. काचेपलीकडच्या माणसाला वाटलं, हिला नावाची खात्री नाही, नाही तर ही काही लपवतेय. मी दोघींना हे समजावून सांगितलं आणि म्हटलं, बाकी काही शिकायची गरज नाही. संतोष हे नाव पूर्ण वजनानं घ्यायला शिकायचं, एवढंच.

गयाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तेवढं सोडून शिकवा, बाई."

"का?"

"नाव घेतलं की आयुष्य घटतं नवऱ्याचं. माझ्या पोराचं." आवाजात वाद नव्हता. पाणी शंभरावर उकळतं म्हणावं तसं त्या बोलल्या. "एकदा-दोनदा चालंल. तुमी तर घोकायला लावनार."

मी समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. तिकडच्या बायका नवऱ्याला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाक मारतात आणि नवरे ठणठणीत असतात, वगैरे. गयाबाई म्हणाल्या, "त्यांचे नवरे त्यांच्या देवाच्या जिम्म्यावर." पण मुलाचा संसार मांडायचा तर हे करणं भाग आहे, हे त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्या सुनेला घेऊन आल्याच.

मग आमची झोंबाझोंबी सुरू झाली. अनिता नाव घ्यायची, घशातल्या घशात. मी म्हणायची, वाटी वाजव. ती ‘इज’वर वाजवायची. चुकून एखाद्या वेळी नाव जरा उंच निघालं की कोपऱ्यात गयाबाई कानशिलाशी बोटं मोडायच्या आणि ओठ हलवत काही पुटपुटायच्या. ते पाहिलं की पुढच्या वेळी अनिताचा आवाज पुन्हा तळाला. मी चिडले. शेवटी म्हटलं, "अगं, नुसतं नाव आहे. त्यात काय एवढं?"

अनितानं माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्ही सांगा ना. सरांचं नाव."

मी शिकवणाऱ्या बाईच्या तोऱ्यात सुरुवात केली. "माय हजबंड्स नेम इज," आणि पुढं माझाच आवाज जिना उतरला. इतकी वर्षं मीही ‘हे’, ‘आमच्याकडं’, ‘अहो’ यांवरच काम भागवलेलं. पोरीसमोर शोभा नको म्हणून मी दुसऱ्यांदा छाती भरून म्हटलं, "वसंत!"

पडदा बाजूला झाला. आमचे हे, बँकेला सुट्टी असल्यानं घरी होते, चष्मा कपाळावर, हातात पेपर. "काय गं? काय झालं? कोण पडलं का?"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना नावानं हाक मारली होती. माणूस घाबरणार नाही तर काय. गयाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अनिता हसली, मी हसले, आणि हे तिघींकडं आळीपाळीनं बघत तसेच परत आत गेले.

हसू ओसरल्यावर गयाबाई म्हणाल्या, "बाई, उखान्यात घेऊ द्या की. उखान्यातलं नाव लागत नाय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. पन्नास वेळा लग्न-मुंजीत उखाणे ऐकलेली मी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उखाण्यात सगळं वाक्य त्या एका नावासाठी उभं केलेलं असतं. लोक नावासाठीच कान टवकारून बसतात, आणि लाजरीतली लाजरी पोरगी ते ठासूनच घेते. मी अनिताला म्हटलं, घे.

ती उभी राहिली, पदर सावरला, आणि म्हणाली,

"गंगापूरच्या वेशीत उसाची गाडी,
संतोषरावांचं नाव घेते, नेसून हिरवी साडी."

नाव खोलीभर झालं. गयाबाईंनी बोटं मोडली नाहीत. त्या म्हणाल्या, "आनिक येक घे."

अनितानं सासूकडं चोरून पाहिलं.

"उसाच्या मळ्यात पाखरांची शाळा,
संतोषरावांचं नाव घेते, आत्याबाई तुम्ही ऐकायचं टाळा."

त्या दिवशीपासून काम मार्गाला लागलं. आधी उखाणा मोठ्यानं. मग उखाणा मनात आणि फक्त नाव मोठ्यानं. मग पुढचं इंग्रजी वाक्य मोठ्यानं, उखाणा मनात, आणि नाव त्याच वजनात. हे कोणत्याही पुस्तकात नाही, पण लागू पडलं. नावाचं जमल्यावर उरलेले दिवस मी तिला पडद्यामागून प्रश्न विचारत गेले. अधिकारी काय विचारेल सांगता येत नाही, पण प्रश्नात वजन कुठं आहे ते ओळखलं तर त्याला काय हवंय ते कळतं. ‘व्हेन डिड यू मीट हिम?’ यात ‘व्हेन’ जड असेल तर तारीख सांग, ‘मीट’ जड असेल तर भेटीची गोष्ट सांग. अनिताचा कान फार तयार होता. आणि गंमत म्हणजे गयाबाईंचाही झाला. इंग्रजी ओ की ठो कळत नसताना त्या कोपऱ्यातून सांगायच्या, "आता बाईनं दुसऱ्या शबुदाला दाबलं."

त्या दिवसांत मला या दोघी कळत गेल्या. नवऱ्याबरोबर महिना आणि सासूबरोबर दोन वर्षं, असा अनिताचा संसार. गयाबाई विधवा, ऊस आणि कापूस एकटीच्या जिवावर बघायच्या. अनिता आली आणि घरात बोलायला माणूस आलं. येताना जीपमध्ये दोघी एकाच पिशवीतले शेंगदाणे खात यायच्या. जिना चढताना सून पुढं जाऊन वरून हात द्यायची. अनिताला ताप होता त्या दिवशी गयाबाई एकट्याच आल्या, "ती येत न्हाई आज, वाट बघू नगा" एवढं सांगायला, गंगापूरहून. फोन करायचा की, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "घरी बसवंना."

मुलाखतीला दोघी रात्रीच्या एसटीनं मुंबईला गेल्या. मी दिवसभर तीन बॅच घेतल्या, पण लक्ष जिन्याकडं. आता एवढं लक्ष लागायला नको होतं. इतक्या वर्षांत पास-नापास किती पाहिले. पण तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी खुर्चीतून उठले.

गयाबाईंच्या हातात पेढ्याचा पुडा होता. "झाली पास," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडात पेढा घातला. मला फार आनंद झाला. मी अनिताच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "नाव कसं घेतलंस? पडलं वजन?"

"नाव विचारलंच नाही मॅडम."

मी खाली बसले. "मग काय विचारलं?"

"कागद बघितले, लग्नाचे फोटो बघितले. संतोषनं तिथून पाठवलेली पत्रं बघितली." नाव तिच्या तोंडून सहज आलं होतं, उखाण्याशिवाय. तिचं तिला कळलं नाही. "मग म्हणाला, युवर हजबंड वॉन्ट्स यू देअर. डू यू वॉन्ट टु गो? आणि मॅडम, वजन ‘यू’वर होतं. मला लगेच कळलं. पहिल्या वेळेला हेच विचारलं असतं तर मी गडबडीत येस सर म्हणून मोकळी झाले असते."

"आणि आता?"

"आता बी येसच म्हणले. पण थांबून. तो वाट बघत होता, तरी मी थांबले."

"का गं?"

अनितानं पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "मला असं कुणी विचारलंच नव्हतं. लग्न ठरलं तवा नाही. हे गेले तवा नाही. कागद केले तवा नाही. त्या काचेमागच्या माणसानं विचारलं."

मला वाटलं गयाबाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, हातातला पेढा पुड्यात परत ठेवला आणि म्हणाल्या, "मला तरी कुणी इचारलं व्हतं?"

खालून रिक्षाचे आवाज येत होते. दुपारच्या बॅचच्या दोघी बायका दारात आल्या होत्या, त्यांना मी हातानंच थांबायची खूण केली.

गयाबाईंनी मान वर केली. "बरं, मंग मी इचारते. तुला जायचं हाय का?"

मी तीस वर्षं वजन शिकवलं, पण शब्द इतका नेमका दाबलेला मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. अनिताचे डोळे भरले. आवाज मात्र खाली गेला नाही.

"जायचं हाय, आत्याबाई."

गयाबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आता मला इचार."

"काय इचारू?"

"त्यानं तुला इचारलं तसं. मला इचार."

अनिता सासूच्या समोर खाली फरशीवर बसली आणि तिनं विचारलं, "मी जावं असं तुमाला वाटतं का?"

"नाय," गयाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पुडा बांधून माझ्या टेबलावर ठेवला, पिशवी खांद्याला लावली, सुनेचा दंड धरून तिला उठवलं आणि म्हणाल्या, "चल. पाचची गाडी गेली तर जीपवाला मांडीवर बसवंल. तुझी बॅग बी घ्यायची हाय अजून, चाकाची." आणि तिच्या आधी जिना उतरायला लागल्या.